कायटनची नावं आणि नावापुढचा कंस : वाचकांची प्रश्नोत्तरे

बोडीच्या पाळीवर दगडाखाली पट्ट्यापट्ट्यांचा किडा सापडला. हात लावला की गोळी होतो. हा कायटन आहे का? (शिक्षिका, पवनी तालुका)

नाही, ताई. कायटन हा गोगलगाय-शिंपल्यांच्या गोतातला, खडकाला चिकटून राहणारा जीव, आणि तो फक्त समुद्रात राहतो. गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर त्याची एकही जाती नाही. पण शंका रास्त आहे, कारण खडकावरून सुटलेला कायटनही असाच गुंडाळतो. किडा उलटा करून पाहा. पायांच्या सात जोड्या दिसल्या तर तो झिंग्यांच्या गोतातला, जमिनीवर राहायला आलेला जीव. कायटनच्या पोटाखाली एकच रुंद, मांसल पाय असतो आणि पाठीवर कवचाच्या आठ पट्ट्या. पोरांच्या हाती भिंग द्या आणि पाय त्यांनाच मोजू द्या.

एका पुस्तकात ‘कायटन जेम्माटस’ आहे, दुसऱ्यात ‘अकँथोप्लुरा जेम्माटा (ब्लेनव्हिल, १८२५)’. खरं नाव कोणतं? (बीएस्सीचा विद्यार्थी, वरोरा)

आज ग्राह्य आहे ते दुसरं. प्राणी मात्र एकच. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लेनव्हिल यांनी वर्णन केलं तेव्हा तो कायटन प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द) घातला होता. पुढे तो अकँथोप्लुरा प्रजातीत गेला. जाती अशी हलली की मूळ वर्णनकर्त्याचं नाव आणि साल कंसात जातं. कंस नसेल तर जाती अजून पहिल्याच प्रजातीत आहे. हलवणाऱ्याचं नाव वनस्पतिशास्त्रात कंसाबाहेर लिहितात, प्राणिशास्त्रात लिहीत नाहीत. शेवट का बदलला? कायटन पुल्लिंगी, अकँथोप्लुरा स्त्रीलिंगी, आणि जेम्माटस हे विशेषण. काळा बैल, काळी गाय, तसंच.

तुमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा डायनासोर घ्या. १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचं नाव टायटॅनोसॉरस कोलबर्टी ठेवलं. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी त्याच्यासाठी आयसिसॉरस ही वेगळी प्रजाती केली. म्हणून आज लिहायचं : आयसिसॉरस कोलबर्टी (जैन आणि बंदोपाध्याय, १९९७). ‘कोलबर्टी’ म्हणजे जीवाश्मतज्ज्ञ कोलबर्ट यांचा. ते विशेषण नाही, म्हणून प्रजाती बदलली तरी त्याचा शेवट बदलत नाही. परीक्षेत हा कंस गाळू नका. जाती पहिल्या प्रजातीतून हलली आहे, हे तोच सांगतो.

लिनियस यांनी कायटनला बार्नॅकलसोबत का ठेवलं? (निवृत्त मुख्याध्यापक, उमरखेड)

सर, जीवांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियस यांनी १७५८ मध्ये कवचाचे तुकडे मोजले. दोनाहून अधिक तुकडे, म्हणून कायटन, खडकांना आणि जहाजांना चिकटणारा बार्नॅकल आणि दगड पोखरणारा फोलास शिंपला एका गटात आले. आतलं शरीर तपासल्यावर गट फुटला : बार्नॅकल खेकड्या-झिंग्यांकडे गेला, फोलास शिंपल्यांत, आणि कायटनला मृदुकाय (गोगलगाय-शिंपल्यांच्या) संघात पॉलिप्लॅकोफोरा हा स्वतंत्र वर्ग मिळाला. आता पट्ट्यांच्या कडांच्या खाचा, भोवतीच्या मांसल पट्ट्यावरचे खवले किंवा काटे, कल्ल्यांची जागा, दातांची पट्टी आणि डीएनए असं सगळं पाहतात. उत्तर पॅसिफिकमधल्या क्रिप्टोकायटन स्टेलेरीच्या आठही पट्ट्या कातडीखाली झाकलेल्या असतात. नुसतं कवच शोधणाऱ्याला तो कायटन वाटणारच नाही.

धानाच्या बांधीत नवी गोगलगाय सापडली तर तिला गावाचं नाव देता येईल? (शेतकरी, सिंदेवाही)

येईल, दादा. आधी ती जुन्या सगळ्या जातींहून वेगळी आहे हे दाखवावं लागतं, नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो आणि वर्णन रीतसर छापावं लागतं. तुम्ही एवढं करा : फोटो काढा, बांधीचं नेमकं ठिकाण, तारीख आणि पाणी किती होतं ते लिहून ठेवा, आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा. रिकामा शंख मिळाला तर तोही जपा, फक्त चिठ्ठी त्याच डबीत ठेवा.