जमादाराचे दोन तारे

प्रश्न : माझ्या आजोबांना (आईचे वडील) अख्खं गाव 'मेजर आजोबा' म्हणायचं. १९३६ ते १९४७ ते पलटणीत होते. मामांच्या वाड्याची माळवदं उतरवताना त्यांची लोखंडी पेटी सापडली. तिच्यात पितळेचे दोन चौकोनी तारे, एक मुकुट, इंग्रजी अक्षरांचा वाकडा पितळी तुकडा आणि लाल-निळ्या फितीवरचा पाच टोकांचा एक तारा निघाला. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मुकुट आणि दोन तारे बघून 'आजोबा कर्नल होते' असं सांगितलं. फ्रेम करून बैठकीत लावायचं आहे. खाली काय लिहू? पुढून-मागून काढलेले फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : ताई, मागच्या बाजूचे फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत. बिल्ल्याची निम्मी हकिगत पाठीवर असते.

व्यापाऱ्याचा हिशेब एका खांद्यापुरता बरोबर आहे. इंग्रजी अमलात खांद्यावर नुसता मुकुट म्हणजे मेजर, मुकुट आणि एक तारा म्हणजे लेफ्टनंट कर्नल, मुकुट आणि दोन तारे म्हणजे कर्नल. पण माणसाला खांदे दोन असतात. मी बावीस वर्षं पलटणीच्या स्टोअरमध्ये काढली, तिथे बिल्ले जोडीनंच मोजायची सवय लागते. कर्नलाच्या पेटीत दोन मुकुट आणि चार तारे हवेत. तुमच्याकडे तारे दोनच आहेत, आणि दोघांच्याही वरच्या टोकाजवळची रेघ एकाच जागी तुटलेली दिसते. दोन्ही एकाच ठशावर ठोकलेले, म्हणजे ही जोडी आहे. एका खांद्यावर एक तारा.

तारा त्याच काळातला आहे यात मला शंका नाही. मधल्या गोलात तीन बारीक मुकुट आहेत आणि भोवती 'त्रिया जुंक्ता इन उनो' ही लॅटिन अक्षरं. 'तीन मिळून एक' असा त्याचा अर्थ. इंग्रजांच्या 'ऑर्डर ऑफ द बाथ' या मानचिन्हावरून हा तारा घेतलेला होता.

एक तारा दोघे लावत, सेकंड लेफ्टनंट आणि जमादार. यातले आजोबा कोण, ते दुसऱ्या ताऱ्याच्या मागच्या कडीत अडकलेल्या चिंधीनं सांगितलं. फोटो मोठा करून पाहा : लाल, मधे पिवळा, पुन्हा लाल. ही फीत जमादार आणि सुभेदार यांच्या ताऱ्याखाली असे, लेफ्टनंटाच्या नाही. तुमचे आजोबा जमादार होते.

आता तुमच्या घरात हा शब्द कसा ऐकला जाईल, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे निजामाच्या राजवटीपासून कचेरीतल्या शिपायांच्या वरच्यालाही जमादार म्हणत आले, शहरात झाडूवाल्यालाही म्हणतात. कुणीतरी मायेपोटीच त्यांना मेजर केलं असणार. पण फौजेतला जमादार हा व्हाइसरॉयच्या सनदेचा अधिकारी. हिंदी शिपाई त्याला सलाम करत, 'जमादारसाहेब' म्हणत. प्लाटून त्याच्या हाताखाली असे. आष्टीकडचा शेतकऱ्याचा मुलगा शिपाई म्हणून भरती होतो, मग नाईक, हवालदार आणि तिथून खांद्यावर तारा येतो, तोही अकरा वर्षांच्या आत. ताई, ही चढण मी जवळून पाहिलेली आहे. १९६५ साली या हुद्द्याचं नाव नायब सुभेदार झालं. तोवर स्वतंत्र हिंदुस्थानच्या फौजेतही जमादारच होते. हे नाव झाकू नका.

इंग्रजी अक्षरांचा तुकडा हुद्द्याचा नाही. तो खांद्याच्या टोकाला लावायचा पलटणीचा बिल्ला. एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए ही 'मराठा' शब्दाची तेव्हाची इंग्रजी जुळणी. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते.

मुकुटाचं मात्र जमत नाही. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला मुकुट घुमटासारखा असतो, कमानी वर चढून गोल होतात. तुमच्या मुकुटाच्या कमानी मध्यावर खाली दबल्या आहेत, बैलाच्या पाठीसारखा खोलगा आहे. अशी दबलेली कमान व्हिक्टोरिया राणीच्या वेळी होती आणि पुढे एलिझाबेथ राणीच्या वेळी, १९५३च्या सुमारास, पुन्हा आली. कुठलाही काळ धरा, आजोबांच्या नोकरीच्या वर्षांत तो बसत नाही. एलिझाबेथचा म्हणाल, तर २६ जानेवारी १९५० पासून आपल्या फौजेत मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले होते. शिवाय ताऱ्यांना कापडातून आत घालून खिळीनं अडकवायच्या कड्या आहेत, तर मुकुटामागे कथिलाचा डाक देऊन साडीची पिन बसवली आहे. पाठ भरीव आणि रवाळ दिसते, म्हणजे तो ओतीव आहे. ठोकलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा खळगा उमटतो. हा मुकुट कुणीतरी दागिना म्हणून वापरलेला आहे.

पाच टोकांचा तारा १९५०नंतरचा, आणि लाल-निळी फीत पोलिसांची. घरात कुणी पोलिसात होतं का, ते पाहा.

एक कळकळीची विनंती. फ्रेमवाल्याकडे न्यायच्या आधी तारे चिंच-मिठानं किंवा पितळेच्या पावडरीनं घासू नका. माझ्या वडिलांचे तारे आईनं दर दिवाळीला चिंचेनं उजळवले. तिचं प्रेम होतं त्यात. पण आज त्यांच्यावर एक अक्षर वाचता येत नाही, बोटाला नुसती गुळगुळीत चकती लागते. कोरड्या मऊ सुती कापडानं धूळ तेवढी पुसा. चिंधी आहे तशी कडीतच राहू द्या, तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तीच आहे. फ्रेममध्ये डिंक नको. कापडाला भोकं पाडून कड्या दोऱ्यानं बांधून घ्या.

पेटीच्या तळाशी कागद पुन्हा एकदा चाचपा. डिस्चार्जचं पुस्तक मिळालं तर त्यात नंबर असेल. तो घालून बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. बीडचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करतं.

फ्रेममध्ये दोन तारे आणि पलटणीचा बिल्ला एवढंच ठेवा. खाली आजोबांचं नाव लिहा, नावाआधी 'जमादार', नावाखाली 'मराठा लाइट इन्फंट्री, १९३६–१९४७'. मुकुट वेगळ्या डबीत ठेवा, आणि तो साडीला कोण लावत असे, हे तुमच्या मोठ्या मामींना लवकर विचारून घ्या.