वाचकांचे प्रश्न : प्रत्येक काळे देऊळ हेमाडपंतांचे नसते

प्रश्न : आमच्या गावच्या महादेवाच्या देवळावर ‘पुरातन हेमाडपंती मंदिर’ असा फलक आहे. वडीलधारी माणसे सांगतात, पांडवांनी एका रात्रीत बांधले. शाळेतले सर म्हणतात, हेमाडपंताने बांधले. खरे काय मानायचे? आणि देऊळ किती जुने, हे आपल्यासारख्याला ओळखता येईल का?
— एक वाचक, सिन्नर तालुका

तुम्ही सिन्नरकडचे, म्हणजे उत्तर तुमच्या दारातच उभे आहे. पण आधी हेमाडपंतांबद्दल.

हेमाद्री पंडित हे देवगिरीच्या यादवांचे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनकारभाराचे प्रमुख. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या पदरी ते होते. काळ १३व्या शतकाचा उत्तरार्ध. व्रते, दाने, तीर्थे यांवरचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ त्यांचा. मोठा माणूस, यात शंका नाही. पण आता अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १०६०. कोकणच्या शिलाहारांचे राज्य होते तेव्हा. हेमाद्री यादवांच्या दरबारात आले त्याच्या दोनशे वर्षे आधी हे देऊळ उभे होते, आणि तरी लोक त्यालाही हेमाडपंतीच म्हणतात. दुसऱ्या टोकाला त्र्यंबकेश्वर. आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १८व्या शतकात बांधायला घेतले. काळ्या दगडाचे म्हणून तेही हेमाडपंती! सातशे वर्षांत किती राजे, किती घराणी, किती स्थपती होऊन गेले. त्या सगळ्यांना आपण एकाच माणसाच्या नावाखाली झाकून टाकले.

इंग्रजी अमदानीत गॅझेटियर लिहिणाऱ्यांनी चुन्याशिवाय बांधलेल्या दगडी देवळांना सरसकट हे नाव लावले आणि ते आपल्या तोंडी पक्के बसले. बोलताना वापरले तर माझी तक्रार नाही. फलकावर मात्र ते लिहू नये, कारण फलक वाचून माणूस समाधानाने पुढे जातो आणि भिंतीकडे बघायचे राहून जाते.

पांडवांच्या गोष्टीचे म्हणाल, तर गावाला ती सांगू द्या. ‘हे माणसाच्या हातून कसे झाले असेल?’ हा अचंबा तिच्यात आहे आणि तो खरा आहे. पण माझे वडील पाथरवट होते. जाती, पाटे-वरवंटे घडवायचे, टाकी लावून द्यायला गावोगाव हिंडायचे. त्यांना ‘एका रात्रीत’ हे शब्द ऐकवत नसत. मी दहा-अकरा वर्षांची असताना त्यांनी मला पहिल्यांदा सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात नेले. दर्शन झाल्यावर ते बाहेरच्या भिंतीपाशी गेले, दोन दगडांच्या सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवले आणि मला म्हणाले, “तू फिरव.” नख कुठे अडकले नाही. मग म्हणाले, “ह्या घावाला घाई नाही, बाई.” पुढे मी नकाशे काढायला शिकले, टेप आणि ओळंबा घेऊन पुष्कळ देवळे मोजली, पण अजूनही कुठल्या देवळात गेले की आधी नख फिरवते.

‘चुना न वापरता नुसते दगडावर दगड रचले’ असे आपण सहज म्हणतो, तेही अर्धेच खरे. नुसते रचलेले काही शतके टिकत नाही. दगडाची वरची आणि खालची बैठक इतकी सपाट घडवलेली असते की वरचे वजन सगळीकडे सारखे उतरते. वजनच दगडाला जागेवर धरून ठेवते. जिथे तो सरकायची भीती, तिथे खाच आणि तिच्यात बसणारे कुसू, नाहीतर दोन दगडांत बसवलेली लोखंडी कडी. आता सभामंडपात उभे राहून वर बघा. चार तुळयांचा चौकोन दिसेल. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड तिरके टाकलेले असतात, म्हणजे आत लहान चौकोन तयार होतो, पहिल्याला तिरका. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तसेच. उघडी जागा लहान होत होत शेवटी एका शिळेने झाकेल एवढी उरते आणि त्या शिळेवर कमळ कोरलेले असते. या स्थपतींनी कमान वापरली नाही. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब तुळई टाकली तर मधोमध तडकते, म्हणून खांब जवळजवळ. सभामंडपात खांबांची जी दाटी आपल्याला वाटते, तिचे मूळ दगडाच्या या स्वभावात आहे.

आता गोंदेश्वर. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी आणि हे देऊळ हेमाद्रींच्या आधीचे. जाणकार ते १२व्या शतकाच्या आसपासचे मानतात. मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार लहान देवळे, सगळे एका जोत्यावर, म्हणजे पंचायतन. सकाळी आठ-साडेआठला जा. ऊन तिरपे असते, कोरीव काम उठून दिसते. मुख्य शिखराकडे बघा. चारी बाजूंना मधोमध एकेक उभी पट्टी खालपासून वर गेलेली दिसेल. तिला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या भागात लहान लहान शिखरे, एकावर एक, ओळीने, माळेत मणी ओवावेत तशी, वर जाताना आकाराने कमी होत गेलेली. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक भूमी, एक मजला. म्हणून या शैलीचे नाव भूमिज.

फलकावर लिहायचा शब्द हा आहे. माळव्यात परमारांच्या राज्यात ही शैली बहरली. विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरचे उदयेश्वर मंदिर अंबरनाथच्याच काळात, ११व्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहत होते. नर्मदा ओलांडून, तापी ओलांडून ही विद्या खाली आली आणि इथल्या काळ्या बसाल्टवर चढली. नाशिक जिल्ह्यातल्या झोडग्याचे माणकेश्वर बघा, मग सिन्नर बघा, मग अंबरनाथ; घराणे एकच आहे हे कोणी सांगावे लागणार नाही.

घरी एक करून बघा. कागदाचे दोन सारखे चौकोन कापा, एकावर एक ठेवून मधोमध टाचणी टोचा आणि वरचा थोडा फिरवा. बाहेर कोपरे फुटतील. आणखी एक चौकोन घाला, तोही फिरवा. चांदणीसारखा नकाशा तयार होतो. पुष्कळ भूमिज देवळांची भिंत अशीच, दोरीच्या टोकाने जमिनीवर आखलेली आहे. भिंत सरळ असती तर एकच सावली पडली असती. कोपरे फुटले म्हणून उजेड-सावलीच्या उभ्या पट्ट्या पडतात आणि एवढे जड देऊळ वर उठल्यासारखे वाटते.

तुमच्या गावच्या देवळाचा काळ शोधायचा तर आधी लेख शोधा. दाराच्या वरची शिळा, तुळया, खांबांचे चौकोनी भाग. संध्याकाळी अंधार पडल्यावर जा आणि बॅटरी समोरून न धरता भिंतीला चिकटवून बाजूने धरा. झिजलेली अक्षरेही सावलीने वर येतात. वर चंद्र-सूर्य कोरलेले दिसले तर आणखी जपून बघा; दानाच्या लेखावर ते असतात, चंद्र-सूर्य असेतोवर दान टिकावे म्हणून. आवारात पिंपळाखाली शेंदूर फासलेले दगड असतीलच. त्यांत वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, किंवा गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड, आहे का ते पाहा. लेख नसेल तर नक्षीवरून अंदाज करता येतो. त्यासाठी फोटो मासिकाकडे पाठवा, मी बघते. पण शिळेवर पाणी ओतून, खडूने अक्षरे गिरवून फोटो काढू नका. खडू चुकीचे अक्षर गिरवतो आणि पुढचा माणूस तेच वाचतो.

प्रश्न : मी नववीत आहे. अंबरनाथच्या देवळात गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. देव तर उंचावर असायला हवा ना? आणि वर बघितले तर आकाश दिसते, ते का?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

छान पाहिलेस. ज्या ठिकाणी लिंग स्वयंभू मानतात, म्हणजे कोणी आणून बसवलेले नाही, जमिनीतून प्रकटलेले, तिथे देव हलवता येत नाही. मग देऊळच त्याच्याभोवती बांधायचे. सभामंडप वरच्या पातळीवर आणि गाभारा मूळ जमिनीशी. त्र्यंबकेश्वरलाही गाभाऱ्यात उतरावेच लागते. त्या पायऱ्यांवर आपण भर उजेडातून, माणसांच्या गजबजीतून गारव्यात शिरतो. पुढच्या वेळी एकेक पायरी सावकाश उतर, फरक अंगाला जाणवेल. आकाश दिसते कारण शिखराचा वरचा भाग आज तिथे नाही. तेवढ्यावर हळहळू नकोस, बाहेर ये आणि भिंत बघ. देवळाला प्रदक्षिणा घालताना एका हाताएवढ्या जागेत किती मूर्ती आहेत ते मोज आणि मला कळव.

प्रश्न : खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळातल्या स्वर्गमंडपाला वर गोल उघडे ठेवले आहे. कार्तिक पौर्णिमेला चंद्र बरोबर वर येतो, यात तथ्य आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडे असतो. कार्तिकातला पूर्ण चंद्र आपल्या भागात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. खिद्रापूरला वर सुमारे १३ फुटांचे वर्तुळ उघडे आहे, त्यातून तो दिसतो. त्या वर्तुळाखाली १२ खांब गोलाकार उभे आहेत, मंडपाचे सगळे मिळून ४८. वरची कड त्या बारांवर तोललेली आहे आणि खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. देवगिरीच्या सिंघण यादवाचा शके ११३६चा लेख इथे आहे. म्हणजे सन १२१४च्या सुमाराचा, आणि तो आहे देवळाच्या डागडुजीसाठी दान दिल्याचा! आठशे वर्षांपूर्वीच्या राजाला जुने देऊळ दुरुस्त करावेसे वाटले. बाहेरच्या बाजूला देऊळ पाठीवर घेतलेल्या हत्तींची रांग आहे, ती बघितल्याशिवाय परतू नका.

प्रश्न : आमच्या ग्रामदैवताच्या जुन्या दगडी देवळाला ऑइलपेंट द्यायचा आणि गाभाऱ्यात फरशी बसवायची असे ठरते आहे. वर्गणी जमली आहे. काही तरुणांचा विरोध आहे. आपले मत कळवावे.
— देवस्थान समितीतले एक सदस्य, अहिल्यानगर जिल्हा

हे पत्र वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले. कृपा करून रंग देऊ नका.

एका गावात, नाव सांगत नाही, मी एका खांबावरचे कीर्तिमुख, म्हणजे सिंहासारखे उग्र तोंड, दोन दिवस बसून कागदावर उतरवले होते. डोळ्यांच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या सुरकुत्या होत्या. काही वर्षांनी पुन्हा गेले तर खांब चंदेरी, कीर्तिमुखाचे ओठ लाल, डोळे पांढरे. सुरकुत्या रंगाखाली भरून गेलेल्या. कोणी वाईट हेतूने केले नव्हते. देव उजळावा म्हणूनच केले होते, हे मला माहीत आहे. मी त्या खांबाला हात लावून उभी राहिले आणि रडले.

दगडाचे म्हणणे ऐका. जोते जमिनीतली ओल वर ओढते आणि ती ओल दगडाच्या अंगातून हवेत निघून जाते. ऑइलपेंटने तोंड बंद केले की ती आत कोंडते. पाण्यातले क्षार रंगाच्या मागे साठतात, फुगतात आणि रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही सुटतो. सिमेंटचेही तेच. सांध्यात सिमेंट भरले की ओल आतल्या लोखंडी कडीपाशी साचते, कडी गंजून फुगते आणि चांगला दगड चिरतो. फरशीने गाभाऱ्याची पातळी वर येते, पाणी गोमुखातून न जाता भिंतीकडे वळते.

वर्गणी वाया जाणार नाही, करण्यासारखे पुष्कळ आहे. छतावर पिंपळ-वड उगवले असतील तर कापून काढा, पण ओढू नका; मूळ ओढले की दगड सुटतो. पावसाचे पाणी देवळापासून लांब जाईल अशी चर काढा. सगळ्या कामांत हे पहिले. दिव्याच्या तेलाखाली पितळी ताट ठेवा. धुताना मऊ ब्रश आणि साधे पाणी. ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही, प्रेशरचे मशीन नाही. सांधे भरायचेच झाले तर चुन्याचा जाणकार गवंडी शोधा. आणि कामाला हात लावण्याआधी देऊळ संरक्षित यादीत आहे का, हे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे लेखी विचारा. केंद्र संरक्षित असेल तर भोवतीच्या १०० मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. यादीत नसले तरी पत्र टाका, सल्ला मागा.

त्या तरुणांना पुढच्या बैठकीला बोलवा. त्यांच्यातल्या दोघांना मोबाइलने सगळ्या खांबांचे फोटो काढायला सांगा, चारी बाजूंनी, प्रत्येक फोटोत एक मोजपट्टी ठेवून. बैठकीची तारीख मला कळवा. एस.टी. येत असेल तर मी येईन.