बोटीचं नंतर बघू, आधी पेन्शन

प्रश्न: वय 44, बर्मिंगहॅममध्ये नोकरी, पगार वर्षाला 42,000 पौंड, मुलगा शाळेत. गेल्या उन्हाळ्यात लँगॉलन कालव्यावर आठवडाभर नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद, आत राहता येणारी बोट) भाड्याने घेतली आणि वेडच लागलं. 57 फुटी जुनी बोट 50,000 ला मिळते आहे. चार वर्षांत 30,000 साठवले (त्यासाठी कंपनीची पेन्शन बंद केली. पुण्यातल्या नातेवाइकाकडून एक पॉलिसीही घेतली आहे). उरलेल्या 20,000 चं कर्ज काढू का? उन्हाळ्यात बोट भाड्याने देऊन हप्ते सुटतील.

उत्तर: कर्ज काढू नका. मला बोलायचंय ते तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यांबद्दल.

तुम्ही पाठवलेल्या पत्रकानुसार तुमच्या 5 टक्क्यांवर कंपनीही 5 टक्के घालते. तुमचे 2,100, पण करसवलतीमुळे खिशातून जातात 1,680. कंपनीचे 2,100. म्हणजे 1,680 दिले की 4,200 जमा! चार वर्षांत कंपनीचे आणि सवलतीचे मिळून दहा हजारांवर पौंड तुम्ही सोडून दिलेत. बोटीसाठी काढायच्या कर्जाचा अर्धा भाग. शिवाय कायद्याने कंपनीला साधारण दर तीन वर्षांनी बाहेर पडलेल्यांना पुन्हा पेन्शनमध्ये घालावं लागतं, म्हणजे तुम्ही बहुधा दुसऱ्यांदा अर्ज करून बाहेर पडलात. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. वर्षाला 4,200, वाढ 5 टक्के धरली, तर वीस वर्षांत सुमारे 1,39,000 होतात. त्यात तुमच्या खिशातले फक्त 33,600.

आता पॉलिसी. वर्षाला पावणेदोन लाख रुपये, 20 वर्षं, म्हणजे 35 लाख भरायचे आणि शेवटी 60 लाख मिळणार. एजंट म्हणतो "जवळजवळ दुप्पट". हिशेब केला तर परतावा 5 टक्क्यांच्याही खाली आहे, तोही रुपयांत. तुमचं म्हातारपण पौंडांत जाणार आहे आणि तिथे त्या नफ्यावर कर लागू शकतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? परदेशातल्या माणसाच्या गळ्यात असली पॉलिसी मारणं चूक आहे, नातेवाईक असला तरी. पुढचा हप्ता भरण्याआधी सरेंडर किंमत (आत्ता पॉलिसी मोडली तर किती मिळेल) आणि पेड-अप किंमत (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी किती मिळेल) लेखी मागवा.

बोटीचं थोडक्यात. परवाना, मूरिंग (बोट बांधून ठेवायच्या कायमच्या जागेचं भाडं), विमा, डिझेल, दोन-तीन वर्षांनी तळाला काळा रंग, चार वर्षांनी सुरक्षा तपासणी, इंजिनासाठी राखीव: वर्षाला 6,000 ते 7,000 धराच. मूरिंग वाचवायचं तर दर 14 दिवसांनी बोट हलवायची. मुलाची शाळा, तुमची नोकरी सांभाळून ते जमणार नाही. त्यात एप्रिल 2024 पासून अशा बोटींना परवान्यावर अधिभारही आहे. भाड्याने द्यायला परवाना, विमा, तपासणी सगळं व्यावसायिक लागतं. त्यातून हप्ते सुटतील ही आशा सोडा. आणि बोटीखाली जमीन नसते, किंमत उतरतच जाते.

त्याच कालव्यावरच्या पॉन्टकसिल्टेच्या जलसेतूवरून (दरीवरून कालवा नेणाऱ्या पुलावरून), 38 मीटर उंचीवर, एका बाजूला कठडाच नाही अशा पाण्यातून तुम्ही बोट नेलीत. ती ओढ मला कळते. म्हणून सांगतो, बारा कुटुंबांनी मिळून घेतलेल्या बोटीतला एक हिस्सा बघा. वर्षाला तीन-चार आठवडे मिळतात आणि त्याला कर्ज लागत नाही. पण त्याआधी येत्या नोव्हेंबरात आठवडाभर बोट भाड्याने घ्या. दुपारी साडेचारला अंधार, लॉकचे (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या टप्प्याचे) दरवाजे ओले, मुलगा आत कंटाळलेला. तरीही हवीशी वाटली तर मला पुन्हा लिहा.

पेन्शनचा मेल मात्र आजच कंपनीला पाठवा.