गोझोला जाताय? रोज सकाळी आधी वारा बघा

माल्टाच्या वायव्येला, सुमारे पाच किलोमीटरच्या सामुद्रधुनीपलीकडे गोझो आहे. लांबी 14 किलोमीटर, रुंदी 7. या शांत बेटावर मुलं आणि वडीलधारे यांना घेऊन जायचं ठरवणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत. मुलं 4 आणि 9 वर्षांची, सासू-सासरे सत्तरीचे. माल्टात सात रात्री आहेत. गोझोसाठी एक दिवस पुरेल का?

पुरणार नाही. माल्टाची राजधानी वालेत्ताहून उत्तर टोकाच्या चिर्केव्वा धक्क्यापर्यंत बसला तासाहून जास्त लागतो. पुढे बोटीची वाट, 25 मिनिटांचा प्रवास, मग गोझोच्या इम्जार बंदरातून व्हिक्टोरिया गावासाठी दुसरी बस. एका बाजूचे दोन-अडीच तास सहज जातात. संध्याकाळी तेच उलट करताना चार वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजी-आजोबा दोघंही थकलेले असतात.

चार किंवा पाच रात्री गोझोतच राहा. मात्र शेवटची रात्र माल्टात, विमानतळाच्या जवळ काढा. ईशान्येचा वारा जोरात सुटला की बोटी थांबतात आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही.

गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीचं तिकीट जाताना लागत नाही, पैसे परतताना गोझोच्या बाजूला घेतात. प्रौढ प्रवाशाला 4.65 युरो, मोटार आणि चालक मिळून 15.70 युरो. बोटी रात्रीही चालतात. वालेत्ताहून थेट येणारी जलद बोट पाऊण तासात पोचवते, पण तिच्यात मोटार जात नाही, तिकीट दोन्ही वेळा काढावं लागतं आणि खराब हवेत आधी तीच रद्द होते. रविवारी संध्याकाळी इम्जारला परतणाऱ्या मोटारींची लांब रांग लागते. 15 ऑगस्टच्या सणाच्या आसपास तर फारच.

प्रश्न : कोणता महिना निवडावा? मुलांना पाण्यात खेळायचं आहे, आईला ऊन सोसत नाही.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. मे महिन्यात हवा सुखद असते, पण पाणी 18-19 अंश. लहान मूल दहा मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येतं. ऑगस्टमध्ये पाणी 26 अंशांवर जातं, पण दुपारचं तापमान 32 च्या आसपास आणि बेट पाहुण्यांनी भरलेलं. सप्टेंबरअखेर पाणी अजून 25 च्या जवळपास असतं आणि उन्हाचा जोर उतरलेला असतो. अधूनमधून गडगडाटी सर येते, तासाभरात ओसरते. त्या तासात दऱ्यांमधल्या रस्त्यांवरून गाडी नेऊ नका, पाणी त्याच वाटेने समुद्राकडे धावतं.

घर ठरवण्याआधी त्या गावच्या फेस्ताची, म्हणजे ग्रामसंताच्या उत्सवाची, तारीख विचारा. नादुरचा 29 जूनला, व्हिक्टोरियातला मोठा 15 ऑगस्टला, शाराचा 8 सप्टेंबरला. मिरवणूक आणि बँड बघण्यासारखे असतात, पण आठवडाभर सकाळपासून मोठ्या आवाजाचे फटाके उडत राहतात. आवाजाला घाबरणारं मूल असेल तर शेजारच्या गावात राहा आणि उत्सव बघायला फक्त संध्याकाळी जा.

प्रश्न : हॉटेलपेक्षा पोहण्याचा तलाव असलेलं दगडी घर स्वस्त पडतंय. घ्यावं का?

सहा जणांना घर नक्कीच सोयीचं. जाड चुनखडीच्या भिंतींमुळे दिवसा आत गारवा असतो, स्वयंपाकघर मिळतं, मुलं अंगणात खेळतात. पण ही जुनी शेतघरं मुळात मुलांसाठी किंवा गुडघेदुखीच्या माणसांसाठी बांधलेली नाहीत. फोटोत सुंदर दिसणारा दगडी जिना प्रत्यक्षात अरुंद, उंच पायऱ्यांचा आणि कित्येकदा एका बाजूने उघडा असतो. झोपायच्या खोल्या बहुधा वर असतात, गच्चीचे कठडेही बुटके निघतात.

म्हणून पैसे भरण्याआधी मालकाला हे लेखी विचारा : तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर दोन्ही आहेत का? तलावाभोवती कुलूप लागणारं कुंपण आहे का, आणि सर्वांत उथळ भागात पाणी किती? उथळ बाजूलाच सव्वा मीटर पाणी असेल, तर चार वर्षांच्या मुलाच्या ते डोक्यावरून जातं. स्वयंपाकघराचं दार थेट तलावाकडे उघडत असेल आणि कुंपण नसेल, तर ते घर कितीही आवडलं तरी सोडा. दंडाला बांधायच्या हवा भरलेल्या बाहुपट्ट्यांच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

वातानुकूलन भाड्यात धरलंय की वेगळं, हेही विचारा. बऱ्याच घरांत त्याचे पैसे वेगळे लागतात. प्लगच्या पिना तीन आणि चौकोनी, ब्रिटिश पद्धतीच्या. नळाचं पाणी मुख्यतः समुद्राचं क्षार काढून केलेलं, सुरक्षित पण मचूळ. पिण्यासाठी बहुतेक लोक बाटलीचं घेतात.

प्रश्न : मुलांसाठी सर्वांत सुरक्षित किनारा कोणता?

असा एकच किनारा सांगता येत नाही, आणि इथेच बहुतेकांचं नियोजन फसतं. घरूनच ‘सोमवारी रामला, मंगळवारी श्लेंडी’ असं ठरवून येतात आणि सोमवारी रामलाला धोक्याचा लाल बावटा असतो. गोझोत किनारा ठरतो वाऱ्यावर, आणि तो सकाळी न्याहारीच्या वेळी ठरवायचा. अंदाजात वारा ज्या दिशेकडून येतो असं म्हटलेलं असतं, त्या दिशेकडे तोंड असलेला किनारा त्या दिवशी टाळायचा.

सर्वांत जास्त वाहतो तो वायव्येचा वारा, स्थानिक नाव मज्जिस्त्राल. तो असताना रामला आणि मार्सालफॉर्न, दोन्ही उत्तरेच्या किनाऱ्यांवर लाटा आदळतात. त्या दिवशी आग्नेय बाजूचा होंडॉक इर-रुम्मीन गाठा. समोर कोमिनो बेट, पाणी काचेसारखं, बसायला छोटासा पट्टा, खडकावरून उतरायला शिडी. दक्षिणेकडून वारा असेल तर हेच उलटं : उत्तरेला जा. ईशान्येच्या वाऱ्यात, ज्याला ग्रेगाल म्हणतात, पश्चिमेचं श्लेंडी आडोशाला राहतं.

वारा पडलेला असेल तेव्हा चार वर्षांच्या मुलासाठी रामलाच. तांबूस वाळू, हळूहळू खोल होत जाणारं पाणी. पण ती वाळू दुपारी एवढी तापते की मूल अनवाणी पाच पावलंही टाकत नाही. सकाळी साडेआठला जाऊन अकराला परतणं बरं, नाहीतर चारनंतर. लाटा असताना मात्र इथे खाली ओढणारा प्रवाह असतो. लाल बावट्याला मुलाला घोटाभर पाण्यातही सोडू नका. जवळच्या सान ब्लास किनाऱ्याची वाळूही तशीच, पण तिकडची उतरण इतकी खडी आहे की सासू-सासऱ्यांना परत वर चढवणं अवघड होईल. त्यांच्यासाठी श्लेंडी आणि मार्सालफॉर्न चांगले : सपाट पदपथ, बाक, कॉफीची दुकानं, आणि नातवंडं नजरेसमोर.

खडकाळ जागी सगळ्यांना पाण्यात घालायचे रबरी बूट घाला. समुद्री साळू या काटेरी प्राण्याचे काटे टाचेत मोडतात आणि दिवस वाया जातो.

प्रश्न : जेलीफिशची भीती वाटते. काय सोबत ठेवावं?

इथे त्रास देते ती मुख्यतः जांभळट रंगाची छोटी जेलीफिश. तीही वाऱ्याबरोबर येते : किनाऱ्याकडे वारा असला की खाडीत साचते, दुसऱ्या बाजूला एकही नसते. जांभळा बावटा दिसला तर पाण्यात उतरू नका.

डंख झालाच तर जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी किंवा व्हिनेगर नको, त्याने कातडीला चिकटलेल्या न फुटलेल्या विषपेशी फुटतात आणि आग वाढते. चोळूही नका. चिकटलेले धागे चिमट्याने उचला. खाण्याचा सोडा आणि समुद्राचं पाणी समप्रमाणात कालवून लेप दोन-तीन मिनिटं ठेवा, पुन्हा समुद्राच्या पाण्याने धुवा, मग कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. सोड्याची छोटी डबी आणि चिमटा पिशवीत असू द्या. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा उलट्या झाल्या तर लगेच 112.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी की बस चालेल?

सहा जणांना गाडी. बसचे जवळजवळ सगळे मार्ग व्हिक्टोरियातून निघतात, त्यामुळे शेजारच्या गावालाही आधी व्हिक्टोरियाला येऊन बस बदलावी लागते आणि बऱ्याच मार्गांवर तासाला एकच बस असते. गाडी डावीकडून चालवतात. रस्ते दगडी गडग्यांमधून जाणारे, अरुंद. मोठ्या सात आसनी गाडीचे आरसे तिथे घासतात. दोन छोट्या गाड्या आणि दोन चालक जमत असतील तर ते जास्त सुखाचं. मुलांची आसनं आरक्षण करतानाच मागा. पांढऱ्या चौकटीत कोणीही गाडी लावावी, हिरवी चौकट फक्त तिथल्या रहिवाशांची.

पाट्यांवरची नावं वाचताना एक लक्षात ठेवा : माल्टी भाषेत ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार ‘श’. श्लेंडी आणि शारा ही दोन्ही नावं पाटीवर ‘एक्स’ने सुरू होतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी तर राहणार नाही ना?

नाही. बिजिल्ला ही बाकल्याची लसूण घातलेली चटणी पावाबरोबर खातात. गोझोची फ्तिरा म्हणजे भट्टीत भाजलेली, बटाट्याच्या पातळ चकत्या पसरलेली रोटी. तिच्यात अँकोवी किंवा टुना मासा घालतात, म्हणून ‘मासा नको’ हे आधी सांगा. पास्तित्सी या खुसखुशीत करंज्या आतून रिकोटा चीज किंवा वाटाण्याच्याच असल्या तरी आवरणात प्राण्यांची चरबी असू शकते, ते विचारूनच घ्या. इंग्रजी ही राजभाषा असल्याने विचारायला अडचण येत नाही. दुपारी छोटी दुकानं तीन-चार तास बंद असतात, तेव्हा किराणा सकाळीच भरा.

प्रश्न : व्हिसा कोणता आणि खर्च किती?

माल्टा 2007 पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे, तोच व्हिसा. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून 15 दिवसांपर्यंत करता येतो; पण निर्णयालाच 15 दिवस आणि कधी 45 दिवस लागतात, म्हणून दोन-तीन महिने आधी करा. प्रौढाला 90 युरो, 6 वर्षं पूर्ण ते 12 वर्षांखाली 45, सहाखाली काही नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या कुटुंबाला 405 युरो, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं हवं. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध असायला हवा.

प्रश्न : गोझोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ड्वेय्राची ती प्रसिद्ध दगडी कमान मुलांना दाखवायची आहे.

ती 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. जुन्या फोटोंमुळे ती अजून उभी आहे असा अनेकांचा समज होतो. तरीही ड्वेय्राला जाच. कड्यांनी वेढलेलं एक उथळ तळं आहे, त्याला अंतर्गत समुद्र म्हणतात. तिथून छोट्या होड्या डोंगरातल्या सुमारे 80 मीटर लांब बोगद्यातून बाहेर खुल्या समुद्रात नेतात. अंधारात मध्यावर आलं की पुढे निळा उजेड दिसतो, नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं पुरेसं आहे. बाहेर लाटा असतील तर होड्या बंद असतात. तळ्याकाठी गोटे आहेत, वाळू नाही; रबरी बूट तिथेही लागतील.