वाचकांचे प्रश्न: लिहिणं, भटकणं आणि पुस्तकं

या महिन्यात प्रश्न भरपूर आलेत, सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून जे परत परत विचारले जातात तेच घेते.

प्रश्न: मी बँकेत नोकरी करते, घरात लहान मुलं आहेत. लिहायची खूप इच्छा आहे पण सलग वेळच मिळत नाही. तुम्ही दिवसभर लिहीत असता का?

नाही हो ताई, दिवसभर कोण लिहितं! सकाळचा तास-दीड तास खरं लिखाण होतं, बाकीचा दिवस प्रुफं तपासणं, मेलला उत्तरं देणं, घरातली कामं आणि आदल्या दिवशीचं खोडणं यातच जातो. सलग वेळ मिळाला की लिहू असं म्हणत बसलं तर तो वेळ येतच नाही. १९व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टात नोकरीला होता, चांगल्या जबाबदारीच्या जागेवर. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचा, मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, आणि ते झालं की कामावर. चाळीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या त्याने. पोस्टाच्या कामासाठी सारखं रेल्वेने फिरावं लागायचं म्हणून मांडीवर ठेवायची छोटी पाटी करून घेतली आणि डब्यात बसून पेन्सिलने लिहायचा, मग ते सगळं त्याची बायको नीट उतरवून काढायची. रोझ तिचं नाव, आवर्जून सांगतेय कारण अशी माणसं पटकन विसरली जातात.

तुम्ही शब्द मोजायच्या फंदात पडू नका, पण ते आदल्या दिवशीचं आधी वाचणं जरूर उचला, कोऱ्या कागदाची भीती त्यानेच जाते. आणि वीस मिनिटं का होईना, रोजची वेळ ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगून टाका की ही वेळ माझी.

प्रश्न: प्रवासात तुम्ही तिथल्या तिथे लिहिता की घरी येऊन? माझं घरी आल्यावर सगळं पुसट होऊन जातं.

होणारच की, सगळ्यांचंच होतं! मी खिशात मावेल अशी वही ठेवते आणि जागेवर फक्त तपशील लिहिते, मत नाही. "फार सुंदर जागा" असं लिहून ठेवलं तर वर्षभराने त्यातून काहीच हाताला लागत नाही. एकदा एका लहानशा स्टेशनवर गाडी बराच वेळ खोळंबली होती, बाकावर एक आजोबा पेपर वाचत होते, चष्म्याची एक काच तडकलेली म्हणून एक डोळा मिटून, आणि प्रत्येक ओळ संपली की हनुवटी परत डावीकडे. मी वहीत एवढंच लिहिलं: एक डोळा मिटलेला, हनुवटी ओळीबरोबर फिरते. आज ते वाचलं की तो फलाट, तो गाडीचा खोळंबा, शेजारी कंटाळलेली माणसं, सगळं समोर उभं राहतं, आणि त्या दिवसाचे फोटो मात्र मला काहीच सांगत नाहीत.

डार्विनचं बघा, १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरच्या प्रवासात त्याच्याकडे खिशातल्या छोट्या वह्या असायच्या, त्यात जागेवरच पेन्सिलने तुटक तुटक टिपायचं, मग निवांत वेळ मिळाला की त्यावरून सविस्तर डायरी, आणि पुस्तक त्यानंतर १८३९ मध्ये. तीन टप्पे, घाई कुठेच नाही. दुसरं उदाहरण जपानचा कवी बाशो, मला अतिशय जवळचा. १६८९ मध्ये शिष्य सोराला घेऊन उत्तरेकडे पायी निघाला, त्या वाटेवरचं लिखाण पुढे कित्येक वर्षं घासत राहिला, छापलं गेलं ते १७०२ मध्ये, तो गेल्यावर. सोरानेही स्वतःची डायरी ठेवली होती, हवा कशी होती, मुक्काम कुठे पडला असं साधंसुधं. ती १९४३ मध्ये छापली गेली आणि लोकांच्या लक्षात आलं की बाशोने बऱ्याच ठिकाणी फेरफार केलेत. काहींना हे खोटं वाटतं, मला नाही वाटत, त्याला कविता करायची होती. पण तुम्ही कविता करणार नसाल, प्रवासवर्णन म्हणून छापणार असाल, तर सोरासारखी साधी डायरी पण ठेवाच. तारीख, हवा, कुठल्या वाहनाने गेलो, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत. अर्थ काय तो घरी येऊन सावकाश लावा.

प्रश्न: पुस्तक आवडलं नाही तर अर्धवट सोडावं का? अपराधी वाटतं.

सोडा बिनधास्त. फक्त रद्दीत घालू नका, कपाटात राहू द्या, काही पुस्तकं आपल्या वयाची वाट बघत असतात.

प्रश्न: प्रवासात ई-बुक बरं की छापील?

लांबचा प्रवास असेल तर ई-बुक, ओझं वाचतं आणि रात्री दिवा न लावता वाचता येतं. पण ज्या पुस्तकाच्या कडेला मला लिहायचं असतं, खुणा करायच्या असतात, ते छापीलच लागतं, हा माझा हट्ट आहे.

प्रश्न: सहलीत पाण्याची बाटली सांडून पुस्तक चिंब भिजलं. वाचवता येईल का?

येईल, पण लगेच हालचाल करा, कारण ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. उन्हात टाकू नका, इस्त्री तर अजिबात फिरवू नका, पानं वाकडी होतात आणि डिंक सुटतो. फार ओलं असेल तर आधी आडवंच ठेवा, थोड्या थोड्या पानांनंतर टिपकागद किंवा छपाई नसलेला टिश्यू घाला, कागद ओले झाले की बदलत राहा. पाणी निथळलं की पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडी ठेवा आणि खोलीतला फॅन लावा, वारा थेट पुस्तकावर नको. चकचकीत कागदाची फोटोची पानं असतील तर ती वाळायच्या आधीच हलक्या हाताने सुटी करा, एकदा चिकटली की फाटल्याशिवाय निघत नाहीत. आणि आत्ता वेळच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका, जुनी कागदपत्रं जपणारे लोकही हेच करतात, बुरशी तिथेच थांबते आणि तुम्हाला चार दिवस मिळतात. शेवटी जरासा दमटपणा उरला की वजनाखाली दाबून ठेवा, रोज काढून बघत जा.