प्रॅक्टिकलला फेल झालीस, त्याबद्दल

अगं, रात्री ड्युटीवर होतो त्यामुळे ईएमटीच्या, म्हणजे अँब्युलन्सवर पेशंटला पहिली मदत देणाऱ्यांच्या, प्रॅक्टिकलबद्दलचा तुझा मेसेज आत्ता वाचला. पेशंटजवळ जायच्या आधी जागा सुरक्षित आहे का ते बघितलं नाहीस म्हणून फेल केलं, आणि तुझं म्हणणं की मी बघितलं होतं, फक्त तोंडाने बोलायचं राहिलं, बाकी पट्टी, ऑक्सिजन, बीपी सगळं बरोबर होतं मग एवढ्यासाठी वर्ष का अडवायचं. राग येणारच, पण परीक्षकाने बरोबर केलं असं मला वाटतं.

चेकलिस्टवर काही चुकांचे नुसते मार्क जातात आणि काहींना थेट नापास. ही दुसरी यादी नीट वाच, तिथे त्याच गोष्टी आहेत ज्यात पेशंट तरी जातो नाहीतर आपण. करंट लागलेल्या माणसाला मेन स्विच बंद न करता हात लावलास की एकाचे दोन पेशंट झाले. आणि बोलायचं कशासाठी, तर तुझ्या मनातलं परीक्षकाला दिसत नाही आणि उद्या मागून स्ट्रेचर घेऊन येणाऱ्या पार्टनरलाही दिसणार नाही, त्याला तुझा आवाजच ऐकू येणार.

हे नियम आले कुठून तेही सांगतो. अमेरिकेत १९६६ साली अपघाती मृत्यूंवर एक मोठा अहवाल आला, आदल्या एका वर्षात तिथे १,०७,००० माणसं अपघातात गेली होती, आणि त्या काळी कितीतरी गावांत अँब्युलन्स चालवायचे कोण तर अंत्यविधीचं काम करणारे, कारण माणूस आडवा झोपवता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. आत बसलेल्याला काय येतं हे कुणी विचारतच नव्हतं. १९७० मध्ये तिथे नॅशनल रजिस्ट्री सुरू झाली ती याच्यासाठी, की कुठलाही ईएमटी आला तरी त्याला किमान इतकं येतंच हे सगळ्यांना माहीत असावं.

आता माझं ऐक. नोकरीत बरीच वर्षं झाल्यावर रीसर्टिफिकेशनला, म्हणजे सर्टिफिकेट चालू ठेवायच्या परीक्षेला गेलो, सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं, हा माझा हातखंडा असं मी धरूनच चाललेलो. मॅनेकिनला, म्हणजे सरावाच्या पुतळ्याला, फीडबॅकचा स्क्रीन होता. वेग बरोबर, मिनिटाला १०० ते १२० च्या मध्ये, खोलीपण ५ सेंटिमीटरच्या वर, पण प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येतच नव्हती, मी तिच्यावर रेलून होतो. छाती वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही, मग पुढच्या दाबाला ढकलणार काय? आणि मला हाताला काहीच कळत नव्हतं गं, शपथ, स्क्रीन नसता तर मी अजून तसाच दाबत राहिलो असतो. त्या रात्री मला आधीचे पेशंट आठवत राहिले. म्हणून दोन वर्षांनी परत परीक्षा कशाला असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही.

अजून एक, पास झाल्यावर लगेच सगळं करायला जाऊ नकोस. सर्टिफिकेट म्हणजे तुला येतं याचा पुरावा, काम करायची परवानगी म्हणजे लायसन्स, ते वेगळं, आणि त्यातही तुझ्या लेव्हलला जेवढं करायला मुभा आहे तेवढंच. तुझ्या वरच्या लेव्हलच्या पॅरामेडिकला रोज बघून बघून इंजेक्शन द्यायला जमेल असं वाटतं, तरी द्यायचं नाही. तू तुझा रिपोर्ट नीट दे, किती वाजता काय दिलं, बीपी आधी किती नंतर किती. डॉक्टर त्यावरच पुढचं ठरवतात.

रविवारी चारला ये, मॅनेकिन मागून ठेवतो. आतल्या खोलीत पेशंट असेल, तू दारातच थांबायचं आणि काय काय दिसतंय ते मोठ्याने सांगायचं, मी आतून ऐकतो. ऐकू आलं नाही तर परत पहिल्यापासून.