चार तारे, एक विमान आणि चिडचिड

ताई, मी ठाण्यात कासारवडवलीला राहते, वय 42. चिपळूणचं घर आजोबांनी पासष्ट वर्षांपूर्वी बांधलं, त्याच्या वाटणीवरून भावाशी वर्षभर अबोला आहे. मुलगी दहावीत आहे. रात्री पाठ टेकली की तेच ते डोक्यात घोळतं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, तारे बघत जा, आपण किती क्षुल्लक आहोत ते कळतं. गच्चीवर गेले. दहा मिनिटांत चार तारे आणि एक विमान दिसलं, चिडून खाली आले. माझंच काही चुकतंय का?
– गच्चीवरची

गच्चीवरच्या ताई,

क्षुल्लक वाटून घ्यायला सतरा मजले चढायची काय गरज, त्याला नातेवाईक पुरतात. मैत्रिणीचा तेवढा भाग सोडून द्या. आकाश मात्र सोडू नका.

आधी ते चार तारे. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मध्ये एकदा मोबाइल उघडला की सगळं पहिल्यापासून. घोडबंदर रोडचे दिवे काही विझणार नाहीत, पण लिफ्टच्या खोलीवरचा दिवा थेट डोळ्यांत येतो, त्या खोलीच्या सावलीत खुर्ची टाका. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटिन कागद बांधा. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा.

आता डिसेंबर आहे. रात्री नऊ-साडेनऊला पूर्वेकडे तोंड करा. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून तीन-चार मुठी वर चार ताऱ्यांचा चौकोन दिसेल, मधोमध एका रेघेत तीन तारे. हे मृग नक्षत्र, आणि ते तीन म्हणजे हरणात घुसलेला बाण. बाणाची रेघ वर नेली की तांबूस रोहिणी, खाली नेली की व्याध. रात्रीच्या आकाशातला सर्वात तेजस्वी तारा व्याधच, त्यामुळे ठाण्याच्या उजेडातही तो हरवत नाही.

तुमचं खरं काम व्याधाशी. आग्नेयेकडच्या एखाद्या लांबच्या टॉवरचा कठडा निवडा आणि व्याध त्यामागून कधी वर येतो ते बघत बसा. तो हळूहळू उगवत नाही. आता नाही, आता आहे, असा टपकन येतो, कारण इतक्या लांबून तो निव्वळ ठिपका असतो. कठडा मात्र खाली सरकलेला असतो. म्हणजे तुमची खुर्ची, तो टॉवर, सगळं ठाणे पूर्वेकडे फिरलेलं असतं. ती वेळ वहीत लिहा. दुसऱ्या रात्री तो चार मिनिटं आधी येईल, आठवड्याने जवळजवळ अर्धा तास आधी.

इथे बहुतेकांची गफलत होते ती अशी: जवळच्या टाकीची कड धरतात. टाकी पंधरा-सोळा फुटांवर असेल आणि डोकं दहा सेंटीमीटर हललं, तर वेळ चार-पाच मिनिटांनी चुकते, म्हणजे दिवसाचा फरक त्यातच बुडतो. खुर्चीच्या पायांना खडूने खुणा करा.

आज दिसणारा व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघाला, लेक पहिली-दुसरीत होती तेव्हा. रोहिणीचा निघाला साधारण पासष्ट वर्षांपूर्वी. चिपळूणला तुमच्या घराच्या भिंती उठत होत्या त्या सुमारास. घर अजून वाटलं गेलेलं नव्हतं, तुम्ही दोघं जन्मलाही नव्हतात.

टेलिस्कोप घेऊ नका, खोक्यावर '600 पट' लिहिलेला तर मुळीच नाही. 10 बाय 50 ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं 50 मिलिमीटरची, दुर्बीण पुष्कळ झाली. कोपरं कठड्यावर टेकवा, नाहीतर सगळं थरथरतं. रोहिणीच्याही वर कृत्तिकांचा झुबका आहे, त्यावर रोखा. रात्री येऊरला मात्र जायचं नाही, ते बिबट्यांचं जंगल आहे. काळोखच हवा असेल तर अमावास्येच्या सुमारास कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढचं वांगणी गाठा, पण आकाशदर्शनाच्या गटाबरोबर, एकट्या नको.

वाटणी तारे करून देणार नाहीत. त्यासाठी घराचे कागद आणि दोघांचं ऐकेल असा वडीलधारा माणूस लागेल. पंधरा दिवस वही लिहूनही झोप येत नसेल तर डॉक्टरांकडे जा, त्यात कमीपणा नाही.

आणि घड्याळ बघायला लेकीला सोबत घ्या. तुम्ही 'आला!' म्हणायचं, तिने वेळ लिहायची. अभ्यासातली दहा मिनिटं जातील, जाऊ देत.